फडक्यातली तिसरी पोळी

आई, परवा आमच्या चर्चच्या मंडळीत नवे पाळक आले. वयानं माझ्या नातवासारखे. बायकांच्या सभेत त्यांनी विचारलं, "सगळ्या शुभवर्तमानाचं सार एका वाक्यात कोण सांगेल?" सगळ्याजणी माझ्याकडे वळल्या, कारण सांगलीत मी जन्मभर हेच शिकवत आले. आणि मला काही सुचेना. "पुढच्या रविवारी सांगते," म्हणून वेळ मारून नेली. तेव्हापासून तू डोक्यातून जात नाहीस. सार विचारायला माणसं शिकलेल्यांकडे जातात. मला मात्र तुला विचारावंसं वाटतंय, आणि तुला तर अक्षरओळखही नव्हती.

साताऱ्याकडच्या त्या मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर. तू चुलीपुढे भाकऱ्या थापते आहेस, मी उंबऱ्याशी बसून बायबल मोठ्यानं वाचते आहे. मी अठरा वर्षांची, मिशनच्या शाळेत नुकतीच शिक्षिका झालेली, पवित्र शास्त्राच्या परीक्षेची तयारी चाललेली. बारा वर्षांची मेलेली मुलगी प्रभू हात धरून उठवतो, तिथे मी मुद्दाम थांबले, चमत्काराचा परिणाम व्हावा म्हणून. तू म्हणालीस, "मग?" मी म्हटलं, "मग काय, तिला खायला द्या म्हणाला." तुझा हात थापता थापता थांबला. "बघ की! घरात समदी रडत्यात, बोंबलत्यात, आन पोर उपाशी हाय ह्ये त्यालाच दिसलं." कबरेतून उठून आल्यावर त्यानं शिष्यांना काही खायला आहे का विचारलं, भाजलेला मासा खाल्ला, तेही तुला भारी आवडायचं. "तीन दिस पोटात काय न्हाई. इचारंल न्हाईतर काय करंल?" मी चिडायचे. म्हणायचे, आई, ते महत्त्वाचं नाही.

परीक्षेत हाच प्रश्न आला होता, साराचा. मनुष्य पापी आहे, ख्रिस्त वधस्तंभावर त्याच्यासाठी मेला, विश्वासानं तारण होतं, असं दोन पानं लिहिलं आणि पहिली आले. बक्षीस म्हणून फाउंटन पेन मिळालं. काय लिव्हलंस म्हणून तू विचारलंस, मी ऐटीत सांगितलं. तू म्हणालीस, "समदं खरं हाय, बाये. पर जेवणाचं कायच न्हाई लिव्हलं व्हय?" मला हसू आलं, आणि रागही. राग का, ते तेव्हा कळलं नव्हतं. तू कवठे महांकाळकडची. दुष्काळात मिशनच्या पातळ कण्यांवर जगलेली पोर. पोटासाठी बाटली म्हणून लोक आपल्याला टोचायचे, आणि माझी मान खाली जायची. तू सरळ म्हणायचीस, "व्हय, भूक लागलीवती. त्यांनी घातलं, आमी खाल्लं. त्यात लाजायचं काय?" मला लाज होती. म्हणून माझ्या दोन पानांत भाकरीला जागा नव्हती.

मग तो शनिवार. बेचाळीसच्या चळवळीचे दिवस, गावोगावची माणसं भूमिगत झालेली. शाळेला सुट्टी, मुली घरी गेलेल्या, त्यामुळे भांडी पालथी. गहू तर दिसेनासा झालेला. जपून ठेवलेल्या पिठाच्या तू तीन पोळ्या केल्यास, दुसऱ्या दिवशीच्या प्रभुभोजनात मंडळीला तुकडा तुकडा वाटायला, आणि पांढऱ्या फडक्यात बांधून आतल्या खोलीत फळीवर ठेवल्यास. भर दुपारी मागच्या दारी उसातून तिघे आले. पाय चिखलानं माखलेले. थोरला म्हणाला, "आक्का, दोन दिस झालं, ऊस सोडून कायबी खाल्लं न्हाई." तू क्षणभरही विचार केला नाहीस. "बसा रं बाबांनो," म्हणालीस, आणि मला, "फडक्यातल्या पोळ्या आण जा."

मी आत गेले. उद्या प्रभूच्या मेजावर काय ठेवणार, मला काही उमजेना. मी एक पोळी परातीखाली झाकली आणि दोन आणल्या. तू बघितलंस. "दोनच?" मी म्हटलं, "दोनच." त्या तुझ्याच हातच्या होत्या. दोन्ही पोळ्यांचे तिघांत वाटे केलेस, वर मीठमिरची दिलीस. सगळ्यात धाकट्या पोरानं आपला वाटा संपवला आणि ताटलीतले कण बोटानं टिपून खाल्ले. ते मी दारात उभी राहून बघितलं. रात्री झाकलेली पोळी पुन्हा फडक्यात बांधून ठेवली.

रविवारी पाळकसाहेबांनी फडकं सोडलं तर आत एकच पोळी. त्यांनी तुला बाजूला घेऊन विचारलं. तू म्हणालीस, "आवं, भुकेली माणसं आलीवती, त्यास्नी घातल्या. ही पोरीनं राखली." ते घाबरले असणार, पोलीस दारात यायला वेळ लागत नव्हता. पण मंडळीला त्यांनी सांगितलं ते एवढंच, की तू पवित्र वस्तूची अवहेलना केलीस, म्हणून सहा महिने तुला मेजावर जागा नाही. आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, हिला प्रभूच्या मेजाची कदर आहे. तू शेवटच्या बाकावर बसलीस. मी पुढे जाऊन त्या पोळीचा तुकडा खाल्ला. त्यानंतर सहा महिने, दर महिन्याला, त्या पोळ्या तूच करत होतीस.

सातव्या महिन्यात तुला पुन्हा बोलावलं. मला वाटलं, तू जाणार नाहीस. पण तू पदर नीट करून गेलीस. घरी येताना मी भीत भीत विचारलं, कसं वाटलं? तू म्हणालीस, "लय बारका तुकडा देत्यात गं." मी हसून हसून रस्त्यात थांबले. मग रडले, तेव्हा तू माझी पाठ थोपटलीस आणि त्या शनिवारबद्दल अवाक्षरही काढलं नाहीस.

परवापासून चारही शुभवर्तमानं पुन्हा वाचते आहे, तुझ्या कानांनी. केवढी जेवणं आहेत गं त्यात! पाप्यांच्या पंगतीला बसतो म्हणून लोक त्याला नावं ठेवतात, आणि हा उठत नाही. मी वधस्तंभाकडे जायच्या घाईत ती सगळी ताटं ओलांडून गेले होते. माझं उत्तर चुकलं असं अजून म्हणवत नाही. पण तो ज्यांच्याबरोबर जेवला, त्यांच्यासाठीच मेला असेल, तर तुझं आणि माझं उत्तर वेगळं राहतं का? तुला काय वाटतं? तू "मग?" म्हणशील, आणि मला पुढचं सांगावं लागेल.

हे पत्र पाठवायचं कुठे? आणि पोचलं तरी तुला वाचून दाखवायला मीच लागणार. म्हणून इथेच सांगून टाकते. तुझी ही गोष्ट मी कितीदा तरी सांगितली आहे, शाळेत, सभांमध्ये, नातवंडांना. ऐकून बायका डोळे पुसतात. दर वेळी मी सांगत आले की फडक्यात दोनच पोळ्या होत्या, आणि माझ्या आईनं दोन्ही देऊन टाकल्या.

तीन होत्या, आई. तिसरी त्या पोराची होती, आणि ती मी खाल्ली.