यादीत नसलेला फोल्डर

प्रिय अनुश्री,

'प्रिय' लिहिताना हात अडला, पण खोडत नाही. खोडाखोड खूप करून झाली.

परवा तुझा देवेंद्रदादा घरी येऊन तुझ्या साखरपुड्याचं आमंत्रण देऊन गेला. आई खूश, रविवारी कोणती साडी नेसू म्हणून मलाच विचारत होती. मी ताट तसंच सोडून लॅपटॉप उघडला, तुला शेवटचं काहीतरी झणझणीत लिहायला. रागारागात कित्येक दिवसांनी मेल ब्राउझरमध्ये उघडली. तुझी तीन पत्रं. तिन्ही न वाचलेली.

कसं झालं ते नीट वाच. पोलोग्राउंडच्या आमच्या वर्कशॉपच्या शेडमध्ये नेटवर्क येत नाही, आणि मालक जयसिंगराव सकाळीच सगळ्यांचे फोन ड्रॉवरमध्ये टाकतात. लॅपटॉप तेवढा चालतो, मोटर वाइंडिंगचे नकाशे त्यावर आहेत म्हणून. मग कॉलेजमधल्या स्वानंदला धरून मी मेलची नवी व्यवस्था लावली. ना चित्रं, ना बटणं, काळ्या टर्मिनलवर नुसती अक्षरं. घरून निघताना एक कमांड द्यायची, सगळी मेल लॅपटॉपवर उतरते, दिवसभर नेटशिवाय वाचा. उत्तर लिहिलं की ते रांगेत पडतं, घरी नेट मिळालं की जातं. आठ दिवस घासले त्यावर. स्वानंद म्हणाला, भिया, एवढ्या मेहनतीत तर तू एक सेमिस्टर काढलं असतंस. दोन दिवस बोललो नाही त्याच्याशी. पण कोणते फोल्डर उतरवायचे याची यादी आपल्या हाताने लिहावी लागते, आणि तुझ्या पत्रांसाठी मी केलेला वेगळा फोल्डर त्या यादीत नव्हता. तुझी पत्रं सर्व्हरवर सीधी त्याच फोल्डरमध्ये गेली आणि तिथेच पडून राहिली.

चार तारखेला तू लिहिलंस की बाराला नागपूरची मंडळी बघायला येणार, त्याआधी येऊन बाबांशी बोल, मी तुझ्या बाजूला उभी राहीन. आठला पुन्हा तेच, जास्त घाबरून. आणि इकडे, तू गप्प बसलीस असं धरून उकळत, मी अकराला वर्कशॉपमध्ये बसून लिहिलं, "चांगलं स्थळ मिळत असेल तर करून टाक लग्न. माझ्यासाठी थांबू नकोस." मला नागपूरचं माहीतही नव्हतं. ते पत्र तीन तास रांगेत पडून होतं. काढता आलं असतं. नाही काढलं. तुला ते तुझ्या पत्राचं उत्तर वाटलं. तिसऱ्या पत्रात तू फक्त 'बरं' लिहिलंस.

चार वर्षं, आणि एक 'बरं'. मान्य आहे, तुझं व्हॉट्सॲप देवेंद्रदादाच्या लॅपटॉपवर उघडं असतं, म्हणूनच आपण मेलवर आलो. पण तुमच्या स्नेहलतागंजपासून पोलोग्राउंड असं किती लांब आहे? ऑटो करून आली असतीस, सगळ्यांसमोर कानाखाली लावली असतीस, चाललं असतं. तू मात्र विश्वास ठेवलास. माझ्या हातचं एवढं फालतू वाक्य वाचून तुला एकदाही वाटलं नाही की याचं काहीतरी बिनसलंय? तो राग अजून जात नाही.

इथवर लिहून पाठवणार होतो. थोडा दोष मशीनचा, थोडा तुझा, बात खतम. पण ते खोटं आहे. तुझा फोल्डर यादीत होता, सगळ्यांत आधी तोच लिहिला होता. मग त्या रविवारी पोह्यांच्या ठेल्यावर तू म्हणालीस की कॉलेज सोडल्याचं माझ्या बाबांना तूच सांग, मी तुझ्यासाठी खोटं बोलणार नाही. घरी येऊन मी ती ओळ काढून टाकली. म्हटलं, महिनाभर हिचं काही वाचायचंच नाही, कळू दे हिला. दार मीच लावलं, आणि तू का येत नाहीस म्हणून तुलाच दोष देत बसलो. बाबांसमोर उभं राहायची हिंमत नव्हती, त्याला राग म्हणत होतो. उद्या शनिवारी सकाळी दहाला मी तुमच्याकडे येतोय. कॉलेजचं बाबांना मीच सांगेन, तुझ्याबद्दलही मीच विचारेन. तुला नागपूरलाच जायचं असेल तर त्यांच्यासमोर, माझ्या तोंडावर सांग. मेल करू नकोस.

तुझाच, तू नाही म्हणेपर्यंत,
रघुवीर