कर्त्याशिवायचं पाणी

५ जानेवारी

चि. बाळीस अनेक आशीर्वाद.

तू प्रशिक्षणाला सुखरूप पोचलीस हे कळलं. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनाने भरतो, म्हणून पत्रच बरं. तुझा कुत्राही बरा आहे. तू ठेवलेलं नाव माझ्या कवळीतून बाहेर येत नाही. घरभर माझ्या मागे फिरून मी काय करतो ते बघत असतो, म्हणून मी त्याला मुकादम म्हणतो. त्याची हरकत दिसत नाही.

नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास असतो, तो कुत्र्याच्या नाकाला सोसत नाही, तेव्हा पाणी रुंद पातेल्यात एक दिवस ठेवून मग द्यायचं, असं तू कागदावर लिहून गेलीस. बाळे, तुझा बाप एकतीस वर्षं गावच्या पाण्याच्या टाकीवर त्याच क्लोरिनची पावडर घालत होता. औषधाचे थेंब टाकून पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरिन पुरेसा आहे असं दिसलं, की मला झोप लागायची. ती थेंबांची बाटली अजून आहे. आता पाणी पिवळं होत नाही ना, हे बघायला ती वापरतो. घातलेलं काढत बसायचं, हेच म्हातारपण.

एका दिवसात वास जातो, तर तीन दिवसांत मुळासकट जाईल, म्हणून खिडकीत तीन पातेली लावली आहेत. आजचं, कालचं आणि परवाचं. तो मात्र पातेल्याकडे बघतो आणि माझ्याकडे बघतो. नवी जागा आहे, रुळेल.

पाणी प्यायला नाही तर त्याला कुत्र्यांच्या वसतिगृहात ठेवीन, असं तू निघताना म्हणालीस. मला काय, माझं ओझं कमीच होईल. पण तिथे चाळीस कुत्री, आणि ह्याचा स्वभाव मुकादमाचा. पटायचं नाही.

कळावे. लोभ आहेच, काळजी मात्र वाढवू नये.
तुझा बाबा


१३ जानेवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तीन दिवस नकोत हो बाबा, एकच दिवस. वर पातळ फडकं घाला आणि पातेलं रोज घासा. तुम्ही कशातही थोडी जास्तीची भर घालता. आई म्हणायची, ह्यांना चिमूटभर मीठ सांगितलं तर मूठभर पडतं.

तुमच्या दोन पानी पत्रात तुमची कवळी आहे, टाकी आहे, आई गेल्यापासून ओळींमधून ऐकू येणारा उसासाही आहे. फक्त मी फोनवर विचारलेलं नाही. मुकादम पाणी पितो की नाही? वसतिगृहात एक जागा धरून ठेवली आहे, महिनाअखेर सांगायचं आहे. मला स्पष्ट कळवा. आडपडदा नको.

तुमच्या गुडघ्याला जपा. माझ्यावरचा राग पत्रापुरताच असू द्या.
आपली लाडकी (निदान अजूनपर्यंत)
बाळी


२१ जानेवारी

चि. बाळीस अनेक आशीर्वाद.

स्पष्ट लिहितो. पातेलं रोज संध्याकाळपर्यंत रिकामं होतं. एक थेंबही वाया जात नाही. शपथेवर सांगतो. वसतिगृहाला नाही म्हणून कळव.

शेजारच्या शिवणवाल्या बाई म्हणाल्या, आजोबा, एवढी बडदास्त आम्हाला सासरी मिळाली नाही. मी म्हटलं, तो मुकादम, मी मजूर, बडदास्त ठेवावीच लागते. अंगणातला नळ जरा गळतो आहे. वॉशर आणून ठेवला आहे, पण सध्या बसवत नाही. घाई काय आहे?

कळावे. लोभ आहे तेवढा पुरे, शंका नसाव्यात.
तुझा बाबा


३० जानेवारी

चि. बाळीस अनेक आशीर्वाद.

कालपासून पोट बिघडलं आहे. सहा वेळा बाहेर जावं लागलं. सकाळी मऊ भात केला, तोही निम्मा टाकला. अंगात त्राण नाही, नुसतं पडून आहे. तीन दिवसांच्या पाण्याचाच दोष असावा असं आता वाटतं. तू उगाच घाबरू नकोस, वयाच्या मानाने सहनशक्ती चांगली आहे.

कळावे. जास्त लिहवत नाही.
तुझा बाबा


५ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी लगेच जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते बिचारे हातातलं काम टाकून तुमच्याकडे धावले. तासाभराने त्यांचाच फोन आला. म्हणाले, कुत्रा ठणठणीत आहे, मला फाटकापासून आत त्यानेच आणलं. पेशंट पलंगावर आहे आणि तो माझ्या खात्यातला नाही.

वर हेही कळलं, की त्यांनी संकोचून दुसऱ्या डॉक्टरांना बोलावू का असं विचारलं, तर तुम्ही म्हणालात, आलाच आहात तर तुम्हीच बघा. शेवटी शिवणवाल्या बाईंनी माणसांचे डॉक्टर आणले.

आणि बाबा, पातेलं रिकामं कोण करत होतं तेही कळलं. मुकादम गळक्या नळाखाली जीभ लावून बसतो, आणि त्याच्यासाठी शिळं केलेलं पाणी तुम्ही पिता! गावाला आयुष्यभर शुद्ध पाणी पाजलेला माणूस!

बाबा, वाक्याला कर्ता लागतो. 'पातेलं रिकामं होतं', 'पोट बिघडलं'. कोण? कोणाचं? चौथीपर्यंत एवढं तरी शिकवत असतील ना?

आता तुम्हाला हा व्याप नको. मार्चअखेर मी येते आणि मुकादमाला घेऊन जाते. तोवर उकळलेलं पाणी प्या.

रागावले आहे. तरी लोभ तसाच आहे, काय करू?
बाळी


१२ फेब्रुवारी

चि. बाळीस अनेक आशीर्वाद.

कर्ता शिकवला त्या आठवड्यात मी गोवराने घरी होतो. पुढे शाळा माझ्याविनाच चालली. तरी तू म्हणतेस तसं लिहितो. मी खोटं बोललो. मी शपथ अगदी जपून घेतली होती, शब्द खरा आणि अर्थ खोटा. मुकादम त्या पातेल्याला कधीच शिवला नाही. मला पाणी ओतून टाकवेना, म्हणून मी प्यायलो. एकतीस वर्षं मी लोकांना सांगायचो, वास येतो म्हणजे पाण्यात राखणदार आहे. कुत्र्याने ते न सांगता ओळखलं.

माझं पोट बरं आहे. मी तिन्ही पातेली घासून फळीवर ठेवली. जनावरांच्या डॉक्टरांनी जाताना मुकादमाची पाठ थोपटली आणि माझीही.

मार्चअखेर न्यायला येतेस, तर ये. पण आधी एवढं वाच. सवय झाली आहे. फाटक वाजलं की कान टवकारले जातात. एकट्याने जेवण उतरत नाही. पायाशी ऊब नसली तर झोप लागत नाही.

ह्या चार वाक्यांना कर्ता नाही, हे मला ठाऊक आहे. लिहवत नाही. तूच घालून वाच. मात्र कोणत्याही डॉक्टरला पाठवू नकोस.

कळावे. लोभ असू दे. वॉशर अजून बसवलेला नाही.
तुझा बाबा