मंगळवारची फेरी

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागवायचंही त्राण उरलं नाही, तरी लिहायला बसले आहे. तुमची ती मंगळवारची फेरी काही डोक्यातून जात नाही. शेती खात्याची योजना चालू होती तोवर ठीक होतं. ठरलेल्या वारी ठरलेल्या गावी जायचं, बियाण्याला औषध कसं चोळायचं, गव्हाला पहिलं पाणी कधी द्यायचं ते सांगायचं. नव्वदनंतर योजना गुंडाळली, जीप बंद झाली, साहेबच म्हणाले आता ऑफिसात बसा. तुम्ही मात्र एकाआड एक मंगळवारी सायकल काढून राजघाटच्या पुलावरून गंगेपार जातच राहिलात. आई म्हणायची, ह्यांचं डोकं फिरलंय. मला कौतुक वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग नागपूरची मंडळी आली. आपल्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या मराठी घरांत स्थळं यायची ती काशीयात्रेला जोडूनच: सकाळी घाटावर श्राद्ध, दुपारी मुलगी बघणं, संध्याकाळची गाडी. नेमका तुमचा मंगळवार. आई पोह्यांचे कांदे चिरते आहे, तुम्ही पँटला सायकलची क्लिप लावता आहात. ती म्हणते, आजच्या दिवस छुट्टी घ्या ना. तुम्ही म्हणता, जेवायच्या आत येतो.

आलात दिवेलागणीला. कोणाचा तरी गहू पिवळा पडला होता, शेत लांब होतं. मंडळी केव्हाच उठून गेली होती. मुलाची आई जिन्यात म्हणाली, मुलीच्या बापालाच सवड नाही, तर आम्ही बोलायचं कोणाशी. मी तुम्हाला विचारलं, तिथे कोण एवढी वाट बघत बसलं होतं? तुम्ही पाय धूत म्हणालात, "एक वार चुकला की पुढच्या वेळी कोणी थांबत नाही गं."

शेतकऱ्यांचं असेल तसं. नागपूरहून पुन्हा पत्र आलं नाही. आई सगळ्यांना सांगत राहिली की पत्रिका जुळली नाही. मी शाळेत नोकरी धरली, आधी तिचं केलं, मग तुमचं. शेवटच्या दुखण्यात तुम्ही विचारलंत, त्या स्थळाचं तुला वाईट वाटलं होतं का? मी म्हटलं, छे, मला कुठे बनारस सोडायचं होतं. तुम्हाला लगेच झोप लागली.

हे पत्र कुठे टाकणार, राहू दे इथेच. त्या दुपारी तुमची वाट बघताना, मुलाला गंगा दाखव म्हणून मला त्याच्याबरोबर गच्चीवर पाठवलं होतं. आम्ही खूप वेळ बोललो, बाबा. मला तो आवडला होता.