तंबू कधी लावायचा

२२ मार्च, रविवार

तंबू आला. पाचोळ्याच्या रंगाचा, चारी बाजूंना झडपा, आत दोन खुर्च्या बसतील एवढा. वर्लिननं खोकं बघितलं आणि म्हणाला, "अगं, सर्कस आली वाटतं आपल्याकडे!"

हसू दे. जन्मभर ओकच्या बुंध्याला पाठ टेकून रानटर्कीची शिकार केली. तंबूत लपून बसणाऱ्यांना तो 'पडदानशीन' म्हणायचा. पण आता नाकात प्राणवायूची नळी आहे, आणि फाटकापर्यंत जातानाही थांबावं लागतं. जमिनीवर बसला तर उठवणार कोण? मी?

फेब्रुवारीत दवाखान्यात म्हणाला होता— "आणखी एक एप्रिल मिळाला तर बरं होईल." मिळणार. २० एप्रिलला टर्कीचा मोसम उघडतो, तीन आठवडे चालतो. त्याला तिथं न्यायचं म्हणजे न्यायचं.

२५ मार्च

आता प्रश्न एवढाच— तंबू कधी लावायचा? माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलंय, आधीच लावून ठेवा, पक्ष्यांची नजर सरावते. वर्लिन म्हणतो, "इतक्यात कशाला? वारा घेऊन जाईल आर्कान्सासला." हॉयट— त्याचा धाकटा भाऊ, पलीकडचं शेत त्याचं— त्याची री ओढतो. "वहिनी, टर्कीला तंबूचं काही नसतं हो. बुजतात ती हरणं. आदल्या दिवशी लावला तरी चालतो."

मग आज लावला तर बिघडतं काय? दोघंही कॉफीच्या कपात बघत बसले. शाळेत शेवटच्या बाकावरची पोरं अशीच बसायची.

१ एप्रिल

वर्लिन : "रेडबड फुलू दे."

७ एप्रिल

रेडबड फुलला. सगळी टेकडी जांभळी-गुलाबी. मी हातोडी आणि खुंट्या घेऊन तयार. तर म्हणे, "आता डॉगवूड फुलू दे." दर वेळी नवं झाड काढतोस, मी म्हटलं. "झाडं पुष्कळ आहेत मिझुरीत," म्हणाला, हसायला लागला आणि हसताना खोकला आला.

तो खोकला! मी पाण्याचा पेला धरून उभी. पाठ चोळायची नाही, बोलायचं नाही, काही म्हणजे काही करायचं नाही— नर्सनं सांगितलंय. नुसतं उभं राहायचं. तेच मला जमत नाही.

११ एप्रिल

वाट बघणं पुरे. मी एकटीनं लावला. तळ्याच्या वरच्या कुरणात, जिथपर्यंत ट्रॅक्टर जातो तिथं. तो ट्रॅक्टरमागच्या गाडीत बसून येऊ शकेल. वाऱ्यात कापड फडफडतं, एक खुंटी बसवावी तर दुसरी निघते. मानेवर दोन गोचिड मिळाले ते वेगळेच. वर्लिन खिडकीतून दुर्बिणीनं बघत होता.

आल्यावर विचारलं, "दार कुठं केलंस?"

"पश्चिमेला. सकाळचं ऊन पाठीवर राहील."

"हं. बरोबर आहे."

चूक सापडली नाही म्हणून खट्टू झाल्यासारखा.

१५ एप्रिल

आले! तीन माद्या, आणि मागून एक नर, शेपटीचा पंखा उघडून, पंख जमिनीला घासत. तंबूला वळसा घालून गेले, ढुंकूनही बघितलं नाही. धावत येऊन सांगितलं. वर्लिनचा हात टेबलावरच्या लाकडी डबीकडे गेला. मादीचा आवाज काढायची डबी, बापाची. मग हात मागे घेतला. "माझ्या मशीनची घरघर ऐकू येईल त्यांना."

मशीनवर रजई घालू, म्हटलं.

"तुला सगळ्यावर उपाय आहे, नेल्डा."

आहेच.

१९ एप्रिल, रविवार

उद्या मोसम उघडणार. संध्याकाळी खुर्च्या ठेवायला गेले तर तंबूभोवती गवतात मका! मूठभर नाही, बादलीभर. पिवळाधमक. कावळे टिपत होते.

दाणा टाकून शिकार करणं गुन्हा. हे इथल्या शाळकरी मुलालाही माहीत असतं. मग कोणी टाकला? हॉयटला फोन केला. तो सकाळी, मी चर्चला गेले तेव्हा, नेहमीसारखा वर्लिनजवळ बसला होता. "कुणी हरणांसाठी टाकला असेल वहिनी," म्हणाला. आमच्या कुरणात?

वर्लिनला सांगितलं. "मग संपलं. दाणा उचलल्यावर दहा दिवस तिथं शिकार बंद. नियम आहे."

"कुणाला कळणार आहे?" हे मी बोलले. मी!

"मला कळेल ना," म्हणाला.

२० एप्रिल

उजाडता उजाडता टेकडीवरून नराची आरोळी आली. वर्लिन ओसरीत, अंगावर घोंगडी, हातात कॉफी. "ओरडतोय बघ," म्हणाला. चेहरा इतका शांत की कप हिसकावून घ्यावासा वाटला. आज इथं बसायचं होतं का आपल्याला?

दिवसभर गुडघ्यांवर बसून मका वेचला. आधी दाताळ्यानं, मग हातानं. वनखात्याच्या माणसानं येऊन पाहिलं, टोपी काढली. "बाई, स्वच्छ झालंय. पण दहा दिवस म्हणजे दहा दिवस." म्हणजे तीस तारीख. ठीक. तीस तर तीस.

२४ एप्रिल

रात्रभर बसून काढली. त्यानंही, मीही. जास्त लिहवत नाही.

२७ एप्रिल

परत मका.

तेवढाच. त्याच जागी. शनिवार संध्याकाळनंतर मी गेले नव्हते, आज सकाळी बघते तर हे. मी तिथंच गवतात बसले आणि ओरडले. शब्द नव्हते, नुसतीच ओरडले. तळ्यावरची बदकं उडाली.

हॉयट आला. बुटांकडे बघत म्हणाला, "तंबू हलवायचा का दुसरीकडे?" दुसरीकडे ट्रॅक्टर जातो का? त्याला पाठीवर नेणार आहेस का? "नाही," म्हणाला. मग बोलतोस कशाला! कोण करतंय हे? कुणाचं काय घोडं मारलंय आम्ही? एका मरणाऱ्या माणसाची एक सकाळ— हे पहिल्यांदाच लिहिलं. खोडत नाही.

पुन्हा वेचला. आता सात मे. मोसम दहाला संपतो.

३० एप्रिल

नर्स येऊन गेली. नळीतला प्रवाह वाढवला. दोन चमचे मक्याची पेज खाल्ली त्यानं, तिसऱ्याला तोंड फिरवलं. "बळेच नको," नर्स मला म्हणाली. बळेच कुठं करते मी?

एप्रिल संपला. त्याला तसं म्हटलं तर म्हणाला, "छान होता." डोळे मिटूनच.

ओसरीत बसून काय छान होतं त्यात?

२ मे

एक गोष्ट आधीच लक्षात यायला हवी होती. दोन्ही वेळा मका पडला तो रविवारीच, मी चर्चला गेलेली असताना. म्हणजे ज्याला माझी वेळ माहीत आहे असा कोणीतरी. उद्या चर्चचे कपडे घालून निघायचं, गाडी वळणापलीकडे लावायची आणि मागून जाऊन तंबूत बसायचं. झडप बोटभर उघडी ठेवून. कोण येतो ते बघते. सोडत नाही!

३ मे, रविवार

हॉयट आला. हातात बादली.

झडप उघडून बाहेर आले तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला. "वहिनी... तुम्ही चर्चला..." मग बादली खाली ठेवली. "त्यानंच सांगितलं. दोन्ही वेळा त्यानंच. त्याला यायचंच नाही हो इथं. तो म्हणाला, नेल्डाला 'नाही' म्हणायला जेवढा दम लागतो तेवढा आता माझ्यात नाही. नियमालाच म्हणू दे."

बादली अर्ध्याहून जास्त भरलेली होती. मी ती उचलली आणि तंबूभोवती फिरून सगळा मका टाकला.