बाबांच्या गाडीतली आत्याची जागा

तीर्थस्वरूप आत्यास,

तेलकट हातांनी साष्टांग नमस्कार (कागदावरचे डाग त्याचेच). गुडघा कसा आहे? व्यायाम करतेस, की फिजिओथेरपिस्टलाच गप्पांत गुंतवतेस?

आपली शर्यतीची गाडी संग्रहालयात पोचली. वर्कशॉपमधून काढताना दाराची चौकट गेली, पण गाडीला ओरखडा नाही! ते लांबुळकं नाक, बाबांनी हातानं ठोकलेला अॅल्युमिनियमचा पत्रा, मधे एकाच माणसापुरती खोबण. लोक वळूनवळून बघत होते आणि मी शेजारी अशी ताठ उभी, जणू मीच पहिली आलेय.

पण पाटी आधीच तयार. ‘रचनाकार व चालक’, पुढे बाबांचं नाव. मी म्हटलं, रचना त्यांची, कबूल. पण सातही शर्यतींत गाडी पळवली माझ्या आत्यानं. तीन जिंकल्या, त्यातली एक तर गिअरची दांडी उपटून हातात आल्यावर शेवटच्या दोन फेऱ्या तिसऱ्याच गिअरवर काढून. संग्रहालयाचे प्रमुख (माणूस सज्जन, देह ऐसपैस, थेट बाबांसारखा) वर्तमानपत्राचं कात्रण दाखवून म्हणाले, “ताई, करंडक तर वडिलांच्या हातात दिसतोय.” आता करंडक गाडीच्या मालकाला देत, हे त्या कात्रणाला काय माहीत!

“अहो, बाबा तिच्यात मावतच नव्हते.”

“न मावायला काय झालं?” म्हणत साहेब स्वतःच आत बसले.

बसले ते बसलेच. आधी हसले, मग घामाघूम झाले, मग हळूच म्हणाले, “जरा ओढता का?” दोघांनी काखेत हात घातले, मी स्टिअरिंग काढलं, तरी कंबर ढिम्म. पाऊण तासानं सीटचे बोल्ट खोलले, तेव्हा साहेब सीटसकट बाहेर आले. आणि सांगते, माणूस खरा मोठा. सीट कमरेला तशीच असताना त्यांनी पेन मागवलं, पाटीवरचं ‘व चालक’ खोडलं आणि खाली स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘चालक : त्यांची धाकटी बहीण’. मग तुझं पूर्ण नाव विचारून तेही घातलं. मला रडूच आलं. लोकांना वाटलं, सीटसाठी रडतेय.

तुझी,
भाची

ता. क. सीट पार वाकली. नवी करायची, तर तुझ्या कमरेचं माप कळव. तेव्हाचं नको, आताचं. उद्घाटनाला गाडीत तूच बसणार, असं मी परस्पर कबूल करून आलेय.

पुन्हा ता. क. ‘नुसती बसेल’ असं त्यांना सांगितलंय. टाकी मात्र मी काठोकाठ भरून ठेवलीय.