मॅट स्वच्छ होती

बाबा, काल माझ्या आचोळ्याच्या क्लासमध्ये एक माणूस फिनेलची बाटली आणि नवा ब्रश घेऊन आला. माझ्याकडे ज्युडो शिकणाऱ्या एका मुलीचे वडील. मुलीच्या मानेवर गजकर्ण, काखेत केसतोड, तोंड आलेलं. "मॅडम, मॅट घाण असणार तुमची. मी घासून देतो ना, रविवारी मोकळाच असतो." अगदी तुमचंच वाक्य हो!

माझे खेळायचे दिवस आठवले. तुम्ही आठवडाभर गोखिवऱ्याच्या गाळ्यात प्लास्टिकच्या मशीनपुढे उभे, आणि सुट्टीच्या एकुलत्या रविवारी गुडघ्यांवर बसून आमच्या क्लासची अख्खी मॅट घासताय. आमचे ज्युडोचे सर हसतायत. मी भिंतीला टेकून बसलेय, अंगात कणकण. प्रत्येक स्पर्धेनंतर माझं हेच. वजनाच्या दिवशी काटा बरोब्बर अठ्ठेचाळीस किलोवर, आणि आठवड्याच्या आत ताप, घसा, अंगावर काहीतरी. "काय गो बाय, परत?" म्हणत तुम्ही माझा ड्रेस कडुनिंबाच्या पाण्यात उकळायचात. त्याच मॅटवर वीस मुली लोळायच्या, त्यांना काही होत नव्हतं. हे तुमच्या डोक्यात कसं आलं नाही, देव जाणे.

माझ्या आलं होतं. स्पर्धेआधी चार दिवस मी घाम काढायला तुमचा जुना रेनकोट चढवून कळंबच्या किनाऱ्यावर रेतीत पळायचे, पाणी बंद करायचे, डबा मैत्रिणीला द्यायचे. एकोणिसाव्या वर्षी न्यूमोनिया झाला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला बाहेर बसवून मला विचारलं, "किती दिवस जेवली नाहीस?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "असं सारखं शरीर सुकवलंस तर आजाराशी लढायला आत उरणार काय? वरच्या वजनगटात खेळ, आणि घरी खरं सांग."

बाहेर आले. तुम्ही उठून उभे. "काय म्हणाल्या?"

"मॅटवरचं इन्फेक्शन."

वरच्या गटात मी हरले असते, आणि तुम्हाला कळलं असतं तर अठ्ठेचाळीसमध्ये तुम्ही मला एक दिवसही खेळू दिलं नसतं. बस्स, एवढंच कारण. त्या रविवारी तुम्ही मॅट दोनदा घासलीत.

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. घरात मी एकटीच. अजून अर्ध्या चपातीवर हात थांबतो, आणि "घे गो अजून" म्हणायला समोर कोणी नसतं. फार एकटं वाटतं हो, बाबा.

काल त्या माणसाच्या हातातून ब्रश काढून घेतला, त्याला बाकावर बसवलं. मुलगी डोळ्यांनी मला नको, नको म्हणत होती. तरी सांगितलं. मॅट स्वच्छ आहे. तुमची मुलगी वजन उतरवायला उपाशी राहते, पाणी पीत नाही. या शनिवारच्या स्पर्धेत मी तिला उतरवणार नाही, यापुढे वरच्या गटात. त्याने फिनेलची बाटली बाकाखाली ठेवली. मग म्हणाला, "आणि मी बायकोवर ओरडत होतो, डब्यात काय देतेस म्हणून." मुलगी रडत निघून गेली. आज क्लासला आलेली नाही. धरू दे राग.

दोन मिनिटं लागली मला. एका परक्या माणसाला सांगितलं, तुम्हाला शेवटपर्यंत नाही. हा कागद आता हजेरीच्या वहीतच राहील. आमचीही मॅट स्वच्छच होती, बाबा. आणि तुमचे गुडघे दुखायचे, हेही मला माहीत होतं.