चढणीचे मासे

१८ एप्रिल १९९९
डोहावरून पुन्हा मारामारी. मी ज्याच्या घरी जेवतो त्या झिपरूचंच डोकं फुटलं. नदीवर चार गावं, चार डोह. दरवर्षी पाळीनं एकाच डोहात गेळफळं ठेचून टाकायची, मासे गुंगले की धरायचे. बाकीच्या तीन गावांनी नुसतं बघत बसायचं — मग भांडण होईल नाही तर काय? संस्थेनं मला नाशिकहून इथं डोकी बांधायला पाठवलेलं नाही. आता सगळ्यांना सांगणार आहे: एकाच दिवशी आपापला डोह धरा.

२ मे
धरले! सुंठीवाचून खोकला गेला. झिपरूची बायको तानुबाई तेवढी कुरकुरली — "यंदा सगळंच खाल्लं, भाऊ. आखाडात माझी रोशनी बाळंत व्हायची हाय."
म्हटलं, पावसाळ्यात खालच्या नदीतून मासे चढतातच की.
"चढतात," म्हणाली. वाटा मात्र तिनंही घेतला.

२७ जून
पूर येऊन ओसरला. बाया चढणीचे मासे धरायला गेल्या आणि रिकाम्या टोपल्या घेऊन परतल्या. उशीर झाला असेल, येतील.

१५ जुलै
रोशनीला मुलगा झाला, पण अंगावर दूध नाही. इथं बाळंतिणीला माशांचं कालवण देतात. या दिवसांत घरात दुसरं असतंच काय — नागलीची पेज आणि मीठ. मी पेठहून दुधाच्या पावडरचा डबा आणला.
झिपरू दिवसभर चारही डोहांत जाळं टाकून आला. मूठभर चिंगळ्या. "कोणी भांडाया पण नाय आला," म्हणाला.

२० जुलै
डबा पचला नाही. बाळाला जुलाब. दवाखान्याची गाडी ओढ्यापलीकडे अडकली आहे. मला भीती वाटते.

२२ जुलै
बाळ गेलं.

२३ जुलै
तानुबाईनं नेहमीसारखं ताट वाढलं. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. जेवलो. उठायची हिंमत झाली नाही.

३० जुलै
खालच्या नदीवरचा सोमा भिजत आला. "तुमचं ऐकून मे महिन्यात आमच्या सगळ्या गावांनी बी एकाच दिशी डोह धरलं. भांडण नाय झालं, भाऊ." मला वाटलं, आभार मानायला आलाय. मग म्हणाला, "घरात बाळंतीण हाय. तुमच्याकडलं मासं खाली कवा उतरतील?"